मदत हवी आहे: आईला गोळ्यांचं व्यसन आहे की नाही, कसं ठरवायचं?

मृण्मयी_क: भाऊ म्हणतो आईला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवू. फॅमिली डॉक्टर म्हणतात, सवय झालीय, व्यसन नाही. रक्त तपासून नक्की कळतं का? रविवारी भाऊ येतोय, प्लीज लवकर सांगा.

रानवारा: कसल्या गोळ्या? किती वर्षं? चिठ्ठीवर की परस्पर?

मृण्मयी_क: झोपेच्या, अल्प्राझोलाम. बाबा गेले तेव्हा डॉक्टरांनीच दिल्या. रात्री एक. चुकली तर डोळ्याला डोळा नाही, सकाळी कप धरताना हात थरथरतात.

तात्या सातारकर: व्यसनच आहे हे. आमच्या मामांनी दारू एका दिवसात सोडली. गोळ्या फेकून द्या, आठ दिवस त्रास होईल.

डॉ. शमिका: कृपा करून असं काही करू नका! ही गोळी एकदम बंद केली तर आकडी येऊ शकते. रोजची दारूही एकदम सोडणं जिवावर बेततं.
रक्त-लघवीतून औषध पोटात गेलंय एवढंच कळतं, व्यसन नाही. 2013 च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) व्यसनाची 11 लक्षणं आहेत, वर्षभरात त्यातली किमान 2 लागतात. पण औषध लिहून दिल्याप्रमाणे घेतलं असेल तर थरथर आणि डोस कमी पडू लागणं, ही दोन त्यात धरत नाहीत. डोस आईंनी स्वतः वाढवलाय का? गोळीपायी घरचं-बाहेरचं काही सुटलंय?

गोदाकाठ: आजी जन्मभर मशेरी लावायची, तिला कुणी व्यसनी म्हटलं नाही.

रानवारा: मशेरी म्हणजे तंबाखूच हो. आणि विषय काय चाललाय?

आरोग्यधन: अश्वगंधा सुरू करा. आम्हाला गुण आला.

मृण्मयी_क: डोस तोच आहे. भजनी मंडळ, स्वयंपाक, सगळं चालू. पण तांदळाच्या डब्यात दोन पाकिटं सापडली.

तात्या सातारकर: बघा! लपवतात म्हणजे व्यसनच.

डॉ. शमिका: तात्या, लपवणं त्या 11 मध्ये नाही. भाऊ फेकून देईल या धास्तीनेही लपवत असतील. मृण्मयी, जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. डोस हळूहळू उतरवतात, त्याला कित्येक आठवडे जातात. तोवर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा. रविवारी भावाला गोळ्यांना हात लावू देऊ नका.

रानवारा: पण ती दोन पाकिटं कुठल्या चिठ्ठीवर आली?