अनुभव धागा : रॉक मशीन, इंडस क्रीड आणि आपण

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या बुटाच्या खोक्यात रॉक मशीनच्या 'रॉक अँड रोल रेनेगेड'ची कॅसेट सापडली. १९८८ सालची. बाजू 'अ' चक्क वाजली. बाजू 'ब' लावली, तर गिटारऐवजी आमच्या आत्याच्या मंगळागौरीची गाणी! कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून कंपनीने ठेवलेल्या भोकावर कुणीतरी सेलोटेप चिकटवून घरगुती रेकॉर्डिंग केलंय. संशयित हयात आहेत, म्हणून नाव घेत नाही.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. रॉक मशीन हा १९८४ साली मुंबईत जमलेला हार्ड रॉक बँड. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. १९९० ला 'द सेकंड कमिंग' आला, १९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड झालं, १९९५ ला त्याच नावाचा अल्बम निघाला आणि १९९७ मध्ये दुकान बंद. २०१० ला पुन्हा एकत्र, २०१२ ला 'इव्हॉल्व्ह'. माझ्या मते यांचं मोठेपण एकाच गोष्टीत आहे: लोक परक्यांची गाणी मागत असताना यांनी आपली वाजवली. तुम्ही कुठे ऐकलंत, कोणाबरोबर, घरी काय बोलणी खाल्लीत, सगळं लिहा. आणि बाजू 'ब' कोणाकडे शाबूत असेल तर कळवा.

ठाकुर्लीचा बाब्या : रंगभवन! मुंबईतलं खुलं नाट्यगृह, धोबी तलावाला, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी. वर उघडं आभाळ, ऑगस्टचा पाऊस, अंगातल्या काळ्या टी-शर्टचा रंग बनियनला लागलेला. तिथला रॉक महोत्सव इंडिपेन्डन्स रॉक १९८६ ला सुरू झाला, मी पहिल्यांदा गेलो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. घरी 'मित्राकडे सबमिशन' सांगितलं होतं. रॉक मशीन स्टेजवर आले की अर्धं पब्लिक डीप पर्पल, लेड झेपेलिन अशी विलायती बँडांची नावं ओरडायचं. माझ्या मागे बसलेला एक जण तर प्रत्येक गाण्यानंतर तेच एक नाव ओरडत होता, दळणाच्या रांगेत नंबर पुकारावा तसा. बँडने स्वतःचं गाणं सुरू केलं. तो गप्प. तिसऱ्यांदा मुखडा आला तेव्हा तोच पठ्ठ्या सगळ्यांत मोठ्याने गात होता. हे दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

आमच्या रांगेच्या कडेला एक हवालदार उभे होते, कानात कापसाचे बोळे. निघताना मी विचारलं, "काका, कसं वाटलं?" एक बोळा काढून म्हणाले, "ढोलवाला चांगला आहे." ड्रमरला याहून मोठी दाद मी आजवर ऐकली नाही.

व्हीटीवरून शेवटची कल्याण कशीबशी मिळाली. कानातला सूं आवाज मुलुंडपर्यंत टिकला. जवळच कामा आणि जीटी हॉस्पिटल, त्यामुळे पुढे शांतता क्षेत्र म्हणून रंगभवनातले हे कार्यक्रम थांबले. रुग्णांच्या बाजूने विचार केला तर बरोबरच आहे. पण रॉकवाल्यांना तसं दुसरं घर मिळालं नाही ते नाहीच.

बेळगावची लेक : माझा अनुभव गाण्याचा कमी, आडनावाचा जास्त. पुण्याच्या हॉस्टेलवरून सुट्टीला घरी गेले तेव्हा 'द सेकंड कमिंग' बरोबर होती. आईने चष्मा लावून कॅसेटच्या आतलं कागदाचं कव्हर वाचलं. "तिनईकर? अगं, हे तिनईघाटाकडचे असतील मूळचे. लोंढ्याच्या पुढे स्टेशन आहे." मग थोडं थांबून, "आणि त्याच्या पुढचं स्टेशन कुठलं माहितीय? कॅसल रॉक!" स्वतःच्याच विनोदावर पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवसापासून ती कॅसेट घरात 'आपल्या तिनईकरांची' झाली आणि आवाज कमी कर म्हणणं बंद झालं. खरंच तिकडचे का, देव जाणे.

नाशिककर काका : आमच्या कॉलनीत केबल आली १९९२ च्या सुमाराला. स्टारबरोबर एमटीव्ही फुकटात. लांब केसांच्या परदेशी पोरांच्या रांगेत अचानक 'टॉप ऑफ द रॉक'. मी बायकोला म्हटलं, ही पोरं आपल्याकडची आहेत. ती म्हणाली, "काहीतरीच!" शेवटी नावं आली तेव्हा पटलं. १९९३ ला 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचं आशियासाठीचं प्रेक्षक-पसंती पारितोषिक मिळालं. ऑफिसात सांगितलं तर साहेबांनी विचारलं, "पगार किती मिळत असेल त्यांना?"

हसलो होतो, पण आता वाटतं की प्रश्न रास्त होता. इंग्रजीत गाणारा बँड, ऐकणारे मूठभर शहरांतले, कॅसेट कंपन्यांचं सगळं लक्ष सिनेमाच्या गाण्यांकडे, मग हिंदी पॉपची लाट. पारितोषिकाने घर कसं चालणार?

मिरजेचा तारवाला : आम्ही तिघांनी बँड काढला होता. ॲम्प्लिफायर नव्हता. टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात गिटारची पिन घालून, रेकॉर्ड आणि पॉज एकदम दाबायचं, की स्पीकरमधून कर्कश्श आवाज यायचा. आम्ही त्यालाच डिस्टॉर्शन, म्हणजे रॉक गिटारचा तो फाटका आवाज, समजायचो. तिनईकरांचा एक सोलो (गाण्यातला एकट्या गिटारचा तुकडा) उतरवायला सव्वा महिना लागला, कॅसेट तेवढ्याच जागी मागेपुढे करून फीत चुरगळली. तरी सूर जुळेना, कारण माझ्या गिटारच्या तारा पट्टीपासून बोटभर उंच. इथे सतारी करणारे एक चाचा होते. गिटार हातात घेऊन उलटीपालटी केली, डोळा लावून मान सरळ आहे का पाहिलं, हाडाची घोडी कानशीने घासली, तार छेडली, पुन्हा घासली. तासभर. पैसे घेतले नाहीत. "जवारी नाही येणार याला," एवढंच बोलले, थोडं दुःखाने. जवारी म्हणजे सतारीच्या तारेचा तो झणझणता गुंजारव.

जुनाच बरा : सगळे कौतुक करताय म्हणून लिहितो. नाव बदललं तिथेच माझं मन उतरलं. रॉक मशीन म्हटलं की छातीत धाड् व्हायचं. इंडस क्रीड म्हणजे इतिहासाचा पेपर. १९९५ चा अल्बम शहाण्यांना आवडतो, मला नाही.

धागाकर्ता : असहमत. दहा वर्षं तेच लोखंड बडवत बसले असते तर आज हा धागा निघाला नसता. बाकी 'इतिहासाचा पेपर' आवडलं. :)

जर्सीतला पार्लेकर : बँड थांबल्यावर उदय आणि जयेश न्यूयॉर्कला आले, 'आम्स फॉर शांती' नावाचा बँड काढला. मी नुकताच इकडे आलो होतो, नोकरीच्या धावपळीत एकदाही गेलो नाही. हळहळ आहे. 'इव्हॉल्व्ह' मात्र गाडीत मुलाबरोबर ऐकला. टिम पामरने मिक्स केलेला. बेसवर रुशाद मिस्त्री, ड्रम्सवर जय रो कवी, म्हणजे नव्या दमाची पोरं. मुलगा म्हणाला, "बाबा, हे तुमच्या काळातलं वाटत नाही." मी विचारलं, मग माझ्या काळातलं कसं असतं? तर ओठ आवळून डोकं हलवून दाखवलं, अगदी रंगभवनसारखं. कुठे शिकला कोण जाणे.

मिरजेचा तारवाला : धागाकर्ते, कपाट उचकलं. 'रेनेगेड'ची बाजू 'ब' माझ्याकडे आहे, दुसऱ्या गाण्यात ती चुरगळलेली जागा सोडली तर ठणठणीत. पण डेकचा रबरी पट्टा वितळून चिकट डांबर झालाय. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो म्हणे. दोन पाठवा, एक लावताना तुटतोच. आणि आत्याबाईंची मंगळागौर पुसू नका, आमच्या सौ.ला 'पिंगा'चे शब्द हवेत.