मदत हवी आहे : पहिली ते तिसरीच्या शिक्षकांना तंत्रज्ञानाचे नेमके काय शिकवावे?

नमस्कार.

मी नागपूर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, तंत्रस्नेही शिक्षक म्हणून माझे नाव पुढे केले जाते, त्यामुळे येत्या शिक्षण परिषदेत (केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत) पहिली ते तिसरीच्या शिक्षकांसाठी तंत्रज्ञानाच्या वापरावर सत्र घेण्याची जबाबदारी केंद्रप्रमुखांनी माझ्यावर सोपवली आहे. हे सत्र कसे बांधावे, याविषयी अनुभवी शिक्षकांचे, डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) काम केलेल्यांचे आणि लहान मुलांच्या पालकांचेही मार्गदर्शन हवे आहे.

साधनांची वानवा ही आमची मुख्य अडचण नाही. लोकवर्गणीतून मिळालेला टीव्ही वर्गात आहे, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, दीक्षा हे ऑनलाइन शैक्षणिक साहित्याचे सरकारी व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे. एमएस-सीआयटी सर्वांनी केव्हाच केली, निष्ठा या सरकारी कार्यक्रमाची शिक्षक-प्रशिक्षणेही झाली, आणि सरल व यू-डायस या शासकीय प्रणालींत शाळेची व पोषण आहाराची माहिती भरता भरता फोनवर सर्वांचा हात बसला आहे. मात्र हे सारे कौशल्य माहिती वर पाठवण्याचे आहे. समोरच्या मुलाला वाचता येऊ लागण्यासाठी त्याचा उपयोग कसा करावा, हे कोणत्याही प्रशिक्षणात मला तपशिलाने शिकवलेले आठवत नाही.

माझ्या दोन सहकाऱ्यांचे उदाहरण देते. एका तरुण शिक्षकांना टीव्ही, फोन, व्हिडिओ तयार करणे हे सगळे उत्तम जमते. जोडाक्षरांचा व्हिडिओ लावला की त्यांचा वर्ग ‘चंद्र’, ‘पुस्तक’, ‘गोष्ट’ असे एका सुरात म्हणतो. पण तेच शब्द कोऱ्या कागदावर लिहून एकेका मुलापुढे धरले की निम्मी मुले पहिल्या अक्षरावर थांबतात. दुसऱ्या बाई निवृत्तीला आल्या आहेत आणि टीव्हीची केबल जोडायलाही त्या कोणाला तरी बोलावतात; परंतु मूल शब्द खरोखर वाचते आहे की चित्र पाहून अंदाज बांधते आहे, हे त्यांना नुसत्या ऐकण्यावरून कळते. प्रशिक्षणात पहिल्यांचे कौतुक होते आणि दुसऱ्या बाई मागच्या रांगेत बसतात. माझ्या मते आपल्याला हवे असलेले कौशल्य या बाईंकडे अधिक आहे आणि सत्राची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

याला अभ्यासाचाही आधार आहे. वडोदऱ्यातील चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, त्यांची काठिण्यपातळी मुलाच्या उत्तरांनुसार बदलत ठेवली, तेव्हा गणितात लक्षणीय प्रगती दिसली. मात्र कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात तिचा बराचसा भाग ओसरला. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पेरू देशात मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले गेले, पण तेथील अभ्यासात भाषा व गणिताच्या गुणांत त्याचा परिणाम आढळला नाही. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडले की विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान ही जेथे एकत्र येतात, तेथेच शिक्षकाचे खरे कौशल्य असते. आमची प्रशिक्षणे यांतील तिसरेच तेवढे घेतात, हे मला काळजीचे वाटते, कारण तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे यासाठी केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ ची मुदत ठेवलेली आहे.

माझा सर्वांत मोठा पेच वाचन ऐकून घेणाऱ्या ॲपचा आहे. आमच्याकडची बरीच मुले घरच्या बोलीप्रमाणे ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘काळा’ला ‘काया’ म्हणतात. माझ्या वर्गातील एका मुलीने संपूर्ण परिच्छेद अर्थ समजून, न अडखळता वाचला, पण ॲप प्रत्येक वेळी ‘पाणी’पाशीच अडत राहिले. हळूहळू तिचा आवाज खाली गेला आणि पुढचे सोपे शब्दही ती विचारल्यासारखे वाचू लागली. तिला अक्षर ओळखता येत होते. फरक केवळ उच्चाराचा होता, आणि तो ओळखण्याचे काम जवळ उभ्या असलेल्या शिक्षकाचेच आहे. अशा वेळी आपण काय करता? ॲपचा निकाल बाजूला ठेवून मुलाला पुढे जाऊ देता, की प्रमाण उच्चार रुळल्यानंतरच ॲप वापरायला देता? विदर्भातील, तसेच गोंडी वा हिंदी घरी बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांनी यावर अवश्य लिहावे.

सत्रासाठी माझ्या मनात असे आहे की दशक-एककाचा एकच पाठ घ्यावा आणि शिक्षकांनीच ठरवावे की काड्यांचे गठ्ठे कोठवर वापरायचे, पडद्यावरचे चित्र कधी आणायचे आणि व्हिडिओ कोणत्या क्षणी थांबवून मुलांना विचारायचे. त्या ज्येष्ठ बाई आणि ते तरुण शिक्षक यांची जोडी लावावी, असेही वाटते; मात्र बाईंना त्यात अवघडल्यासारखे होऊ नये. नंतर वर्गात काही बदलले का, हे पाहण्यासाठी आणखी एक प्रपत्र न वाढवता काय करता येईल, हेही सुचवावे.

वेळ दोन तासांचा आहे आणि परिषदेच्या शाळेत इंटरनेट नीट चालत नाही, त्यामुळे जोडणीशिवाय चालतील असेच उपक्रम सांगावेत. कोणी असे सत्र घेतले असल्यास त्याचे टाचण येथे दिले तर ते माझ्या फार उपयोगी पडेल.