सांगोल्याकडची चुनखडीची जमीन, डाळिंब लावू का?

माळकरी: नमस्कार मंडळी, सांगोल्याजवळ तीन एकर माळ आहे, वर वीतभर माती मग नुसता मुरूम, खड्डा घेतला की पांढरे खडे निघतात. डाळिंब लावायचंय, घरामागं आईला भाजीपाला. मागच्या वर्षीच्या पेरूची नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. काय करावं?

भीमाकाठ: दादा ते खडे चुनखडीचे, आणि पिवळेपणा लोह कमी पडल्याचा. लोह मातीत असतं हो, पण चुन्यानं सामू (पीएच) ८ च्या वर गेला की मुळांना मिळत नाही, म्हणून नुसतं फेरस सल्फेट टाकून पैसे घालवू नका, शेणखतात मुरवून द्या नाहीतर फवारा. जिप्सम कुणी सुचवलं तर थांबा, ते चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीसाठी. डाळिंबाला मात्र हलकं निचऱ्याचं रान मानवतं.

काळंरान: आम्ही मंगळवेढ्याचे, आमच्याकडं बरोबर उलटं, भारी काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पण ओल अशी धरते की रब्बीची मालदांडी ज्वारी नुसत्या ओलीवर येते. तिथंच चुलत्यांनी डाळिंब लावलं, पाणी साचून मर लागली, झाडं वाळली, बाग गेली. फार वाईट वाटलं. तुम्ही खड्ड्यात काळी माती भरू नका.

माळकरी: मग भाजीच्या वाफ्यात तळ्याचा गाळ चालेल का?

भीमाकाठ: तिथं चालेल, शेणखत मिसळून. आणि लागवडीआधी माती तपासाच, ० ते ३० आणि ३० ते ६० सेंमीचे नमुने वेगळे द्या, मुक्त चुना, म्हणजे मातीत चुनखडी किती आहे, ते बघायला सांगा.