मथुशलहाची ९६९ वर्षे आणि जलप्रलयाचे वर्ष

प्रश्न (कॅम्प, पुणे)

नमस्कार. रात्रीच्या प्रार्थनेनंतर आजीच्या जुन्या मराठी बायबलमधला एक अध्याय वाचण्याची आमच्या घरी पद्धत आहे. गेल्या आठवड्यात उत्पत्तीचा पाचवा अध्याय आला. आदाम ९३० वर्षे, शेथ ९१२, यारेद ९६२, मथुशलह ९६९ असे आकडे ऐकल्यावर माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने चौकटीच्या वहीत बेरीज मांडली. लामेख जन्मला तेव्हा मथुशलह १८७ वर्षांचा होता, नोहा जन्मला तेव्हा लामेख १८२ वर्षांचा आणि जलप्रलय आला तेव्हा नोहा ६०० वर्षांचा, एकूण ९६९. “म्हणजे मथुशलह पुराच्याच वर्षी वारला. तो बुडाला का?” या तिच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. त्या काळी महिन्यालाच वर्ष म्हणत असत, असे एका नातेवाइकांनी सांगितले. मुलीला खोटे न सांगता आणि तिची श्रद्धा न दुखावता हे कसे समजवावे?

उत्तर १ (रास्ता पेठ)

महिन्यांचा खुलासा टिकत नाही. ९६९ चांद्रमासांची सुमारे ७८ वर्षे होतात हे खरे. परंतु महललेल आणि हनोख या दोघांना ६५व्या वर्षी मुलगा झाला असे त्याच अध्यायात आहे, आणि महिन्यांच्या हिशेबाने ते दोघे पाच वर्षांचे बाप ठरतात. शिवाय जलप्रलय नोहाच्या ६००व्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी सुरू झाला असे पुढे स्पष्ट लिहिले आहे, म्हणजे लिहिणाऱ्याला महिना आणि वर्ष यांतला फरक पुरता ठाऊक होता. प्रलयापूर्वी आकाशात पाण्याचे आवरण होते, म्हणून माणसे दीर्घायुषी होती, असेही काहीजण सांगतात. मग प्रलयानंतर नोहाचा मुलगा शेम आणखी पाचशे वर्षे कसा जगला?

आम्ही बेने इस्राएल. ज्यू लोकांत वाढदिवसाला “१२० वर्षांपर्यंत जगा” असा आशीर्वाद देतात, कारण मोशेचे आयुष्य तेवढे होते आणि उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायातही माणसाचे दिवस १२० वर्षे असतील असे म्हटले आहे. आपल्या मुलीला पुढची उतरंडही मांडायला सांगावी: नोहा ९५०, शेम ६००, तेरह २०५, अब्राहाम १७५, याकोब १४७, योसेफ ११०. १३० वर्षांचा याकोब फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहून आपली वर्षे थोडी आणि दुःखाची झाली असे सांगतो, ते वाक्य मला दर वेळी थांबवते.

उत्तर २ (एरंडवणे, निवृत्त संस्कृत शिक्षक)

माणसे इतकी कशी जगली हे विचारण्याआधी आकडा कोणत्या पाठातला, हे पाहणे मला आवश्यक वाटते. भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वर श्लोक आणि खाली बारीक टाइपात निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठभेद असतात. मी वर्षानुवर्षे ती पाने वाचली आहेत, आणि तोच डोळा येथे उपयोगी पडतो.

आपल्या मुलीची बेरीज रूढ हिब्रू पाठावर आधारलेली आहे. शोमरोनी (समॅरिटन) लोकांच्या पाठात मथुशलह ७२०, यारेद ८४७ आणि लामेख ६५३ वर्षे जगतो, आणि बेरीज केल्यास तिघेही प्रलयाच्याच वर्षी मरतात. प्राचीन ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत लामेखाच्या जन्मवेळी मथुशलह १६७ वर्षांचा आणि नोहाच्या जन्मवेळी लामेख १८८ वर्षांचा आहे. त्यामुळे मथुशलह नोहाच्या तारवात (नावेत) नसतानाही प्रलयानंतर चौदा वर्षे जगतो! पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी हीच अडचण मांडून हिब्रू आकडा ग्राह्य धरला. म्हणजे आपल्या मुलीचा प्रश्न किमान सोळाशे वर्षे जुना आहे, आणि माझ्या मते तो प्रतकारांनाही पडला असावा. आकडे बदलण्यामागे मथुशलहाला पुरापलीकडे जाऊ न देण्याची धडपड दिसते.

यावरून आकड्यांना अर्थ नाही असे मुळीच होत नाही. हनोखाची ३६५ वर्षे सौर वर्षाच्या दिवसांइतकी आहेत, लामेखाची ७७७ सातांनी भरलेली. प्राचीन इराकमधल्या सुमेरी राजावलीत प्रलयापूर्वीचा राजा अलुलिम २८,८०० वर्षे राज्य करतो आणि प्रलयानंतरच्या राजवटी आखूड होत जातात. आपल्याकडे वाल्मीकी रामायणात दशरथ स्वतःचे वय साठ हजार वर्षे सांगतो; जैन परंपरेत ऋषभदेवांचे आयुष्य लाखो ‘पूर्वां’चे (पूर्व हे काळाचे एक प्रचंड माप), पार्श्वनाथांचे १०० वर्षांचे आणि महावीरांचे ७२ वर्षांचे. आरंभीचे पूर्वज देवाच्या जवळचे, म्हणून त्यांचे आयुष्य अफाट, असे सांगण्याची ही जुनी भाषा आहे. नोंद झालेल्या माणसांत सर्वाधिक आयुष्य फ्रान्सच्या झान कालमां यांचे, १२२ वर्षांचे; हेही तिला सांगावे, दोन्ही गोष्टी एका वहीत राहू शकतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघांची मी ऋणी आहे. तिने तीन पाठांचे तीन रकाने आखले. तो बुडाला का, याचे उत्तर शोधताना तिने अध्याय पुन्हा बोट फिरवत वाचला. मथुशलहाविषयी तेथे केवळ “मग तो मेला” एवढेच आहे, आणि आदामापासून लामेखापर्यंत प्रत्येकाची ओळ तशीच संपते. फक्त हनोखाच्या ओळीत ते शब्द नाहीत. देवाने त्याला नेले, असे आहे. त्याच्यापुढचा रकाना तिने तिन्ही पाठांत रिकामा ठेवला आहे.