मदत हवी आहे: स्वतःच्या स्विफ्ट डिझेलसाठी ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स कुठलं घ्यावं?

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीडीआय २०१४, तेच १२४८ सीसीचं फियाटवालं मल्टिजेट, ७५ पीएस आणि १९० एनएम. राहायला साताऱ्यात, सांगलीला सासर, त्यामुळं पेठ नाका-आष्टा रस्त्यावर कायम येणंजाणं. गाडी पूर्ण स्टॉक आहे आणि सर्व्हिस वेळेवर, पण २००० आरपीएमच्या खाली हिच्यात जीव नसतो हे ज्यांच्याकडं ही गाडी आहे त्यांना सांगायला नको. आता कारखाने चालू झालेत, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं कुटुंब बसलेलं, तिसऱ्यात ओव्हरटेकला निघालो की टर्बो लागेपर्यंतचे ते दोन सेकंद नको वाटतात. टॉप स्पीड मला नकोच आहे, फक्त खालच्या आरपीएमला थोडी ओढ पाहिजे.

सांगलीत एकाकडं चौकशी केली. ते म्हणाले स्टेज १ (पार्ट न बदलता फक्त सॉफ्टवेअरनं ताकद वाढवणं) करून देतो, अर्ध्या तासाचं काम. मी विचारलं माझ्या गाडीची ओरिजनल फाइल आणि बदललेली फाइल दोन्ही पेनड्राइव्हवर मिळतील का, तर नाही म्हणाले, फाइल लॉक असते. इथंच माझं अडतंय. गाडी माझी, ईसीयू माझा, त्यातलं ओरिजनल माझ्याकडं नको का? उद्या त्यांनी दुकान बंद केलं तर मी गाडी स्टॉकवर कशी आणू?

म्हणून वाटतंय की लायसन्सवालं सॉफ्टवेअर आणि टूल स्वतःच घ्यावं, शिकावं, घाई नाही. मित्राच्या ओळखीचा एकजण क्लोन टूल आणि क्रॅक सॉफ्टवेअर भरलेला लॅपटॉप अगदी स्वस्तात देतोय पण ते मला घ्यायचंच नाही, ज्यांनी कष्ट करून बनवलं त्यांचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत आणि ईसीयूत फाइल लिहिताना मध्येच अडकलं तर ईसीयूच जातो. तर सांगा की, लायसन्स एका गाडीपुरतं असतं का? गाडी विकली तर दुसऱ्या गाडीला लावता येतं का? एचपी ट्यूनर्स या अमेरिकन ट्यूनिंग सॉफ्टवेअरचं नाव लय ऐकलंय, ते आपल्याकडच्या गाडीला चालतं का? आणि आरटीओ, पीयूसीचं काय?

घाटरस्ता१०
दादा, प्रश्न बरोबर विचारलाय. फाइल लॉक असते म्हणजे त्यांच्याकडं स्लेव्ह टूल असणार. केस, के-टॅग असल्या ईसीयू वाचायच्या-लिहायच्या टूलमध्ये मास्टर आणि स्लेव्ह असे दोन प्रकार येतात, स्लेव्हनं गाडीतून वाचलेली फाइल एन्क्रिप्ट होऊन निघते आणि ती ज्या मास्टरला जोडलेली आहे तोच उघडू शकतो. म्हणजे ते खोटं बोलले नाहीत, पण ओरिजनल मास्टरकडं जपून ठेवलीय आणि मागितल्यावर परत लिहून देणार एवढं पावतीवर लिहून घ्याच.

मास्टर घेतलं तर फाइल खुली मिळते, पण किंमत बघा, वर दरवर्षीचं सबस्क्रिप्शन, आणि मॅप (डिझेल किती, टर्बोच्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट किती, याचे तक्ते) बदलायला विनओएलएससारखं सॉफ्टवेअर वेगळं. एका गाडीसाठी हा खर्च निघत नाही, माझं स्पष्ट मत. एचपी ट्यूनर्समध्ये क्रेडिट विकत घेऊन एकेका गाडीचं लायसन्स काढायचं असतं, ते त्या गाडीलाच बांधलेलं, गाडी विकली की दुसरीसाठी परत क्रेडिट. आणि त्यांचा मुख्य भर जीएम, फोर्ड, डॉज अशा अमेरिकन गाड्यांवर, स्विफ्टसाठी त्यात पैसे घालू नका. ट्यूनरप्रो फुकट वापरता येतं, पण तुमच्या ईसीयूची डेफिनिशन फाइल नसेल तर समोर नुसते आकडे दिसतात, कुठला मॅप बूस्टचा न कुठला डिझेलचा कळत नाही. शिकायला मात्र छान.

पण त्याआधी एक काम करा. ७५ पीएसवाल्या स्विफ्टचा टर्बो फिक्स्ड जिऑमेट्रीचा (पाती न हलणारा) आहे, ९० पीएसवाल्या अर्टिगासारखा व्हीजीटी (पाती हलवून कमी आरपीएमलाही हवा देणारा) नाही, त्यामुळं १५०० ला हवाच कमी येते. हवा नसताना नुसतं डिझेल वाढवलं की काळा धूर निघतो, पीयूसीला अडकाल, क्लचवर आणि टर्बोवर लोड येतो तो वेगळा. टर्बोकडनं इंजिनला हवा नेणारा पाइप कुठं फाटलाय का, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीनं भरलाय का, एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) नीट आहे का हे आधी बघा. ब्लूटूथवालं ईएलएम३२७ (गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावून मोबाइलवर इंजिनचे आकडे दाखवणारं अडॅप्टर) घ्या आणि तिसऱ्यात १२०० पासून ३००० पर्यंतचा बूस्टचा लॉग काढा. लय गाड्यांचा अर्धा लॅग (टर्बो लागायला होणारा उशीर) इथंच सुटतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल आहे, आरसीवरच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल चालत नाही. ईजीआर बंद करून देतो म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका.

कृष्णाकाठ
वरच्यांशी सहमत. त्यात भर एवढीच, फ्लॅश करताना (ईसीयूत फाइल लिहिताना) बॅटरीला चांगला स्टेबल चार्जर लावायला सांगा, नुसत्या बॅटरीवर लिहू देऊ नका. आणि नंतर सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर अपडेट मारलं तर ट्यून पुसला जातो, आधीच सांगून ठेवायचं.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. मास्टरचा विचार सोडला. ईएलएम३२७ मागवतो, पाइप आणि ईजीआर बघून घेतो आणि लॉग इथंच टाकतो, बघून सांगा. पावतीवर लिहून द्यायला तयार असेल अशाच माणसाकडं जाणार, सातारा, कराड, सांगली कुठंही चालेल, कुणी माहितीत असेल तर मेसेज करा. आणि ट्यून केल्यावर इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवलंय असं कुणी आहे का इथं? प्रीमियम वाढला का, क्लेमला काही अडचण आली का?