क्रेनिअल थेरपीचं ट्रेनिंग घ्यावं काय? बेळगाव-खानापूर साईडच्या फिजिओंनी सांगा

खानापूरची_फिजिओ
नमस्कार सगळ्यांना. बीपीटी (फिजिओथेरपीची डिग्री) झालंय, इथंच एका क्लिनिकात बसते. निम्मे पेशंट मान, खांदा, डोकेदुखीचे. बेळगावला रोज बसनं अप-डाऊन करणारी कॉलेजची पोरं पण आता यायलीत, मान पुढं काढून. आयएफटी (दुखण्यावर लावायचं करंटचं मशीन) लावायचं, शेक द्यायचा, दोन व्यायाम सांगायचे, चार दिवस बरं वाटतं की परत हजर. आता गोव्यात एक क्रेनिअल मॅन्युअल थेरपीचा कोर्स बघितलाय, दोन वीकेंडचा. डोक्याच्या हाडांवर हलका हात ठेवून मान, कंबर, पोश्चर सगळं सुधारतं म्हणतात. फी जवळजवळ दोन पगार. कुणी केलाय काय? शिकण्यासारखं आहे की नुसतं बोर्डावर लिहायला?

टिळकवाडी_पीटी
मॅडम, आधी हे आलंय कुठनं ते बघा. अमेरिकेत मिसुरीत कर्क्सव्हिल म्हणून गाव आहे, तिथल्या ऑस्टिओपॅथी (हातानं हाडं-स्नायूंवर उपचार करायची पद्धत) कॉलेजात १८९९ च्या सुमारास विल्यम सदरलंड शिकत होता. हाडं सुटी केलेल्या कवटीत कानशिलाच्या हाडाची तिरपी कड त्याला माशाच्या कल्ल्यासारखी दिसली आणि त्यावरनं त्यानं ठरवलं की ही हाडं हलतात, त्यांना एक लय आहे. पुढं जॉन अपलेजरनं क्रेनिओसेक्रल थेरपी काढली, त्यात हाताचा दाब फक्त ५ ग्रॅमच्या आसपास. लय असेल तर दोघांच्या हाताला सारखी लागायला पाहिजे की नाही? १९९४ साली तीन फिजिओंनी १२ जणांवर मोजून बघितली, तिघांचे आकडे जुळलेच नाहीत, पेशंटच्या नाडीशी नाही की श्वासाशी नाही. मग हाताला लागतंय ते पेशंटचं की आपलंच, हे शिकवणाऱ्याला विचारून बघा.

हात_शिकतोय
सर थोडं थांबा की. मी हा कोर्स केलाय (दुसरीकडे). लयीचं मला पण पटलं नाही, पण ५४ मानदुखीच्या पेशंटवर जर्मनीत झालेला अभ्यास २०१६ ला छापून आलाय, त्यात खोट्या हलक्या स्पर्शापेक्षा ह्या थेरपीनं दुखणं जास्त कमी झालं. कारण काय ते सोडा. आता अभ्यास लहान आहे आणि थेरपी देणाऱ्याला तर माहीतच असतं आपण खरं करतोय की खोटं, ते मान्य. मला खरा फायदा झाला तो हाताचा. पहिल्या दिवशी टेबलावर एक केस ठेवला, वर वहीचं पान, बोटानं केस शोधायचा, मग दोन पानं, मग चार. वाटतं सोपं, पण जोर लावला की केस सापडतच नाही. त्यानंतर पेशंटला उताणं झोपवून डोक्याचं वजन तळव्यावर घ्यायचं, बोटांची टोकं कवटीच्या खालच्या कडेला, जिथं मान सुरू होते तिथं, आणि काही न करता थांबायचं. मिनिट-दोन मिनिटात खालचे स्नायू सैल सुटायला लागतात, डोकं हातात जड होतं. पण एवढ्यासाठी दोन पगार घालू नका ओ, सबऑक्सिपिटल रिलीज म्हणून कुठलाही चांगला सिनियर फुकट शिकवेल.

निपाणीकर
मी फिजिओ नाही, मध्ये बोलतोय माफ करा. आई विड्या वळते. मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, दिवसभर मान खालीच. एकानं डोक्याची हाडं सेट करून देतो म्हणून पाच-सहा वेळा बोलावलं, त्या दिवशी बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर की मान परत तशीच. दर तासाला उठून चाला असं सगळेच सांगतात. मजुरी हजार विड्यांवर मिळते ओ, उठली की तेवढं कमी. शेवटी एका मॅडमनी तिला काम करताना बघितलं, पाठ भिंतीला लावायला सांगितली आणि सूप मांडीवरनं पाटावर ठेवायला लावलं. त्यानं फरक पडला.

टिळकवाडी_पीटी
निपाणीकर, हेच तर कोर्समध्ये कोण शिकवत नाही. पोश्चर टेबलावर झोपवून सुधारत नसतंय. मानेच्या आतल्या स्नायूंना ताकद यायला पाहिजे. त्याला मशीन नसलं तरी चालतं, बीपीचा पट्टा घडी करून मानेखाली ठेवा, २० वर फुगवा, मग हळूच हो म्हटल्यासारखी मान हलवून काटा २२ वर न्यायचा आणि १० सेकंद तिथंच धरायचा. पुढच्या स्नायूनं जोर काढला की काटा उड्या मारतो, लगेच कळतं.

आणि मॅडम, शिकवणाऱ्याला एक विचारा, हात कधी लावायचा नाही ते शिकवणार काय? अचानक आलेली भयंकर डोकेदुखी, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, चालताना झोक जाणं, असा पेशंट आला तर मानेला हात न लावता सरळ हॉस्पिटल. बोर्डाचं म्हणाल तर आपल्या कर्नाटकात फिजिओ सेंटरला केपीएमईचं (खासगी दवाखान्यांच्या राज्य कायद्याचं) रजिस्ट्रेशन लागतंच, वीकेंडच्या सर्टिफिकेटनं त्यात काय फरक पडत नाही.

खानापूरची_फिजिओ
थँक्यू सगळ्यांना. कोर्सवाल्यांना फोन लावला. खऱ्या पेशंटवर किती वेळ हात बघणार म्हणून विचारलं, तर म्हणे एकमेकांवरच प्रॅक्टिस असते. राहू दे मग सध्या. हात_शिकतोय दादा, बेळगावला असाल तर एक दिवस येऊन बघू काय तुमच्याकडं? वहीचं पान चालू केलंय, दोन पानांच्या पुढं जाईना.
निपाणीकर, आईंचा पाट केवढा उंच आहे? माझ्याकडं शिवणकामाच्या दोघीजणी येतात.

निपाणीकर
एकावर एक दोन पाट आहेत. पण शिलाई मशीनला ते जमणार नाही, खुर्चीच बघावी लागेल.

हात_शिकतोय
या की. संध्याकाळी पाचनंतर या, तेव्हा पेशंट असतात.