आई-बाबांना घेऊन क्योतोत आहे, आजचा दिवस फार दमवणारा गेला. उद्याचं कसं ठरवू?

अनुजा_कोथरूड

नमस्कार मंडळी. हॉटेलच्या खोलीतून लिहितेय. आई-बाबा दोघंही साडेसातलाच झोपले. बाबा 71 वर्षांचे, आई 68 ची. दोघं एरवी रोज टेकडीवर जातात, पण बाबांचा उजवा गुडघा उतरताना दुखतो.

हॉटेल क्योतो स्टेशनजवळ आहे. आज नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार, पानं लाल व्हायचा ऐन हंगाम. सकाळी साडेनऊला स्टेशनसमोरच्या थांब्यावर गेलो तर 205 नंबरच्या बसची रांग पार वळून मागे गेलेली. एक बस डोळ्यांसमोर भरून गेली, दुसरीत शिरलो आणि किन्काकुजीपर्यंत उभ्याने प्रवास केला. आईचा हात वरच्या कडीला धड पोचत नव्हता. ती माझ्या पाठीवरच्या बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि बसने ब्रेक मारला की तो पट्टा माझ्या खांद्यात रुतायचा. मंदिर मात्र बघत राहावं असं आहे. तळ्यातलं सोनेरी प्रतिबिंब पाहून आईचा चेहरा खुलला. 1950 साली एका तरुण भिक्षूने ते जाळलं आणि 1955 मध्ये ते पुन्हा उभं राहिलं, हे बाबा आदल्या रात्री वाचून आले होते. ते तिला सगळं सांगत होते.

तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कियोमिझु-देरा या देवळाला. पुन्हा बस, आणि पूर्वेकडच्या त्या रस्त्यावर ती जागची हलेना. उतरल्यावर चढण, आणि चढणीवर नुसती माणसंच माणसं. 13 मीटर उंचीच्या त्या लाकडी सज्जावरून लाल डोंगर दिसला, तो बाबांनी मनापासून पाहिला. खरा त्रास झाला तो उतरताना, सान्नेन्झाकाच्या दगडी पायऱ्यांवर. बाबा कडेच्या भिंतीला हात लावून, आडवे होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरले. मागून लोंढा येत होता, त्यामुळे मध्येच थांबायचीही सोय नव्हती.

आईच्या पोटात दिवसभर केळी आणि मिठाचा भात, एवढंच. उडोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, दुकानात विचारलं तर रस्सा माशाचा. फुशिमी इनारी या देवस्थानाला पोचलो तेव्हा पाच वाजायचे होते, पण अंधार पडला होता. आई पहिल्या मोठ्या तोरीजवळच, म्हणजे देवळापुढच्या लाल कमानीजवळच, बसली. म्हणाली, तुम्ही दोघं जाऊन या, मी बसते इथे. मग आम्ही कोणीच गेलो नाही.

उद्याचा एकच दिवस हातात आहे. परवा सकाळी शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तोक्यो. आईला बांबूचं बन बघायचंय, बाबांना सांजुसांगेन्दोचं देऊळ. इनारीच्या तोरी दोघांना थोड्या तरी दाखवाव्यात असं मला फार वाटतं. हे सगळं जमेल, की काही सोडू? आणि आईच्या जेवणाचं काय करू? दोघांचे पाय पाहवत नाहीत, म्हणून विचारतेय.

कामोकाठ

अनुजाताई, मी नोकरीनिमित्त इथेच राहतो. घरचे, मित्रांचे आई-वडील येत असतात, त्यांना फिरवतो, त्या अनुभवावरून सांगतो.

क्योतोत देवळं दमवत नाहीत, दोन देवळांमधलं अंतर दमवतं. किन्काकुजी वायव्येला, कियोमिझु पूर्वेला, इनारी दक्षिणेला. भुयारी रेल्वेच्या लाइनी दोनच, आणि या तिन्हींच्या दारात त्यांतली एकही जात नाही. मग उरते बस, आणि ती गाड्यांच्या रांगेत अडकते. म्हणून उद्या बस धरूच नका. तुमच्या तिन्ही जागांना क्योतो स्टेशनवरून रेल्वेने किंवा टॅक्सीने जाता येतं. हॉटेल स्टेशनपाशी असल्याचा पुरेपूर फायदा घ्या.

आधी इनारी, सकाळी सातच्या सुमारास. तिथे तिकीट नाही आणि ते 24 तास उघडं असतं. जेआरच्या (जपान रेल्वेच्या) नारा लाइनची लोकल पकडा, जलद गाडी इनारीला थांबत नाही. तोफुकुजीनंतरचं स्टेशन इनारी. बाहेर पडलात की समोरच तोरी. डोंगर 233 मीटरचा आहे, तो चढायचा विचारही नको. मुख्य देवळामागे तोरींची दाट ओळ सुरू होते, तेवढी पाहून परत फिरा. बाबांना सांगा, प्रत्येक खांबाच्या मागच्या बाजूला ती तोरी देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते. परत येताना उतरणीवर तीच अक्षरं समोर दिसत राहतात. सकाळी तिथे इतकी शांतता असते की आईंना हवं तिथे थांबता येईल.

मग हॉटेलवर येऊन नीट नाश्ता करा आणि आराशियामा, बांबूचं बन तिथेच आहे. क्योतो स्टेशनच्या पार टोकाला 32-33 नंबरच्या फलाटांवरून गाडी सुटते. तिथवर चालायलाच वेळ लागतो, तो धरून निघा. सागा-आराशियामाला उतरायचं, साधारण पंधरा-वीस मिनिटं. तिथे रस्त्यावरच्या गर्दीतून बनात जाऊ नका. आधी तेन्र्यूजी देवळाच्या बागेचं तिकीट काढा. चौदाव्या शतकातली बाग, मागचे डोंगरही तिचाच भाग असल्यासारखे दिसतात. बागेतून हळूहळू वर जात उत्तरेच्या दाराने बाहेर पडलात की थेट बांबूच्या बनात. पायऱ्यांचा त्रास जवळजवळ नाही.

सांजुसांगेन्दो शेवटी, पण वेळ सांभाळा. 16 नोव्हेंबरपासून ते चारला बंद होतं आणि साडेतीननंतर आत घेत नाहीत. स्टेशनवरून टॅक्सी करा. तिघांचे बसचे 690 येन होतात, टॅक्सीला त्याहून फार जास्त लागत नाहीत. सगळं आत, सपाट लाकडी जमिनीवर. बूट काढावे लागतात आणि जमीन गार असते, जाड मोजे घाला.

ही जागा मला क्योतोत सगळ्यात प्रिय आहे, म्हणून थोडं जास्त लिहितो. सुमारे 120 मीटर लांब दालन, 1266 साली पुन्हा बांधलेलं. मध्ये बसलेली मोठी कान्नोन, दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या. कान्नोन म्हणजे आपल्या लेण्यांतला अवलोकितेश्वर. लोक तेवढ्या रांगा बघून निघून जातात. तुम्ही पुढच्या ओळीतल्या 28 रक्षक मूर्तींपाशी थांबा. त्यांत इंद्र आहे, ब्रह्मा आहे, नारायण आहे. गरुड आहे, तो बासरी वाजवतोय. वसु ऋषी आहेत, बरगड्या मोजता येतील इतके कृश, हातात काठी. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. बाबांना घाई करू नका.

दमायला झालं तर यातलं आराशियामा सोडा, बाकीचं तसंच ठेवा. पण आईंची इच्छा बनाची आहे, त्यामुळे निर्णय त्यांना विचारूनच घ्या.

माधवी_इंदूर

अनुजा, जेवणाचं मी सांगते, कारण मी पक्की शाकाहारी आहे. इथे भाजीतसुद्धा दाशी असते, म्हणजे सुक्या माशाचं पाणी. त्यामुळे 'मांस नाही' एवढं सांगून भागत नाही, 'मासा नाही, दाशी नाही' असं जपानीत लिहून मोबाइलवर दाखवायचं.

उद्या आराशियामाला जातेस ना? तेन्र्यूजीच्या आवारातच शिगेत्सु नावाचं भोजनालय आहे, तिथे शोजिन र्योरी मिळतं. भिक्षूंचं जेवण, मांस-मासा नाही आणि कांदा-लसूणही नाही, आपल्या चातुर्मासासारखंच. तिळाचं टोफू, भाज्या, भात, सूप, सगळं लहान लहान लाल वाट्यांतून. फक्त दुपारीच असतं, बागेचं तिकीट वेगळं लागतं. हॉटेलच्या काउंटरवरून सकाळीच फोन करून जागा आहे का विचारायला सांग.

रात्रीसाठी कोपऱ्यावरच्या दुकानात साध्या भाताचं पाकीट मिळतं, काउंटरवर गरम करून देतात. मेतकूट आणि तूप आणलं असशीलच. आईला गरम भात पोटभर मिळाला की अर्धा शीण तिथेच जातो, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलंय.

सह्याद्रीवारा

सामानाचं कुणी लिहिलं नाही. परवा मोठ्या बॅगा घेऊन फलाटावर धावू नका. उद्या सकाळी हॉटेलच्या काउंटरवर ताक्युबिनसाठी, म्हणजे सामान पोचवणाऱ्या सेवेसाठी, द्या, तोक्योच्या हॉटेलवर साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात. एका रात्रीचे कपडे आणि बाबांची औषधं मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. बॅगा सोबतच न्यायच्या असतील तर लांबी-रुंदी-उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर असलेल्या बॅगेसाठी शिन्कान्सेनमध्ये तशी जागा आधी राखावी लागते.

अनुजा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रात्री परत लिहायला बसलेय आणि आई-बाबा जागे आहेत!

इनारीला पहाटेच गेलो. आई पुढे, आम्ही मागे. शिगेत्सुत जागा मिळाली. आईने प्रत्येक वाटी माझ्याकडून काय आहे ते विचारून घेऊन सावकाश संपवली. बन तिला बागेपेक्षा कमी आवडलं, गर्दी होती. सांजुसांगेन्दोत तीन वाजता पोचलो, बाबा गरुडासमोरून हलायला तयार नव्हते. आम्ही अगदी बंद होईपर्यंत आत होतो. कामोकाठ, बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

रेणुका_ठाणे

वाचून खूप बरं वाटलं. मी एप्रिलमध्ये सासूबाईंना घेऊन जाणार आहे. मग किन्काकुजी सोडूनच देऊ का?

कामोकाठ

सोडू नका, रेणुकाताई. स्टेशनवरून बस न धरता कारासुमा लाइनने किताओजीपर्यंत भुयारातून जा, बसायला जागा मिळण्याची शक्यता खूप जास्त. तिथून टॅक्सी, अंतर थोडंच उरतं. नऊला उघडतं, त्याआधी दारात असा. आतली वाट एकेरी आहे आणि तळ्यानंतर थोड्या पायऱ्या आहेत, सासूबाईंना काठी लागत असेल तर बरोबर ठेवा. आणि त्या दिवशी दुपारनंतर पूर्वेकडे काहीही ठेवू नका.